सीताफळ शिजवू नका! एका रात्रीत मऊ होणाऱ्या पाटीचं काय करायचं?

हा आपल्या नव्या भागाचा लेखी अवतार. ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाही आणि ज्यांना स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून वाचायचंय, त्यांच्यासाठी. बोलताना मी जिथे भरकटले ते थोडं कापलंय, बाकी आहे तसंच आहे.

या भागाचं निमित्त एक व्हॉइस नोट. मारुंजीला फ्लॅटवर राहणाऱ्या एका श्रोतीने विचारलं होतं, "ताई, रील्समध्ये परदेशातली लोकं ऑक्टोबर आला की झाडावरची सफरचंदं तोडतात, त्याचा जॅम करतात, सॉस करतात, बरण्या भरून वर्षभर ठेवतात. आपल्या नेऱ्याच्या आसपास असं काही करता येईल का?"

तर आधी सफरचंदाचं सांगते. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात नीट झोप लागते. नेहमीच्या जातींना सात अंशांच्या खालची थंडी आठशे-हजार तास मिळावी लागते, तेव्हा कुठे वसंतात फूल धरतं. आपल्याकडे कासारसाईच्या बाजूने पहाटे गाडी चालवताना हात गारठतात, पण ती थंडी दहा वाजेपर्यंतही टिकत नाही. कमी थंडीत फळणारी जात आहे, हरिमन ९९. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा यांनी ती शोधून वाढवली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ही झाडं लावलीत. पण तिचं फळ येतं जूनच्या सुमारास, ऐन उन्हाळा सरताना. म्हणजे शरद ऋतूतलं गावठी सफरचंद हे प्रकरण आपल्याकडे नाहीच.

पण शरदातलं आपलं फळ आहे की! गणपती गेले की रस्त्याच्या कडेला पाट्या लागतात आणि दिवाळीनंतरही काही दिवस दिसतात. इंग्रजीत त्याच्या नावात 'ॲपल' आहेच: कस्टर्ड ॲपल. सीताफळ. सफरचंदाशी त्याचं नातं फक्त नावापुरतं, आणि गंमत म्हणजे सफरचंदाला जे जे केलेलं चालतं ते जवळपास सगळं सीताफळाला मारक ठरतं. उकळा, आटवा, बरणीत भरा, काहीच चालत नाही. असं का, आणि मग नेमकं काय चालतं, एवढाच या भागाचा विषय.

आमच्या नेऱ्यातल्या एका मावशींपासून सुरू करते, कारण मला हे सगळं शिकावं लागलं ते त्यांच्यामुळे. मारुंजीकडून नेरे-दत्तवाडीकडे येणाऱ्या रस्त्यावर त्या सीझनमध्ये बसतात. थोडी फळं स्वतःच्या बांधावरची गावरान, बाकी क्रेट सासवडकडून येतात. सकाळी ऑफिसला जाणारे गाडीतूनच भाव विचारतात. संध्याकाळी हिंजवडी सुटली की खरं गिऱ्हाईक. आता सीताफळाचा हिशोब असा, की सकाळी जे फळ दगडासारखं असतं ते दुपारच्या उन्हात पाटीत बसून संध्याकाळपर्यंत बोटाला दबायला लागतं. गिऱ्हाइकाला तर घरी नेऊन दोन दिवसांनी खायचं असतं, त्यामुळे ते कडक मागतं. मावशी म्हणायच्या, "अगं, मऊ झालेलं घ्यायला कोण थांबतंय? गोड लागतं हे सगळ्यांना माहितीये, पर पिशवीत घालून न्यायला भीती वाटती."

मग सकाळी शंभर रुपये किलो सांगितलेला माल रात्री आठला पन्नासवर. नऊला "घेऊन जा गं, काय द्यायचं ते दे" वर. आणि उरलेला दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर, कारण फुटलेल्या सीताफळावर सकाळपर्यंत चिलटं आणि आंबूस वास दोन्ही आलेले असतात. वीसेक किलोच्या क्रेटमागे चार-पाच किलो असे गेले की त्या दिवसाचा नफा तिथेच संपतो.

हे का होतं ते समजून घेऊ. सीताफळ हे तोडल्यानंतर पिकणारं फळ आहे, केळ्या-आंब्यासारखं. तोडल्यावर त्याचा श्वसनाचा वेग एकदम चढतो, फळ स्वतःच इथिलीन वायू सोडतं, आणि तो वायू शेजारच्या फळालाही पिकवतो. त्यामुळे एका पाटीतली सगळी फळं एकमेकांना उठवतात. दोन-चार दिवसांत सगळा खेळ संपतो. सफरचंद शीतगृहात महिनोन्‌महिने राहतं. सीताफळाला ती सोय नाही, कारण कडक सीताफळ फार थंडीत ठेवलं तर ते पिकायचंच विसरतं.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण घरोघरी इथेच गडबड होते. कडक सीताफळं आणली आणि "नंतर खाऊ" म्हणून सरळ फ्रीजमध्ये टाकली, तर साल काळी पडते, आतला गर नीट मऊ होत नाही, गोडी येत नाही. साधारण बारा-पंधरा अंशांच्या खाली कच्च्या फळाला थंडी बाधते. घरचा फ्रीज असतो चार-पाच अंशांवर. तेव्हा नियम साधा: कडक फळ बाहेर, पिकलेलं फळ आत. पिकल्यावर फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवस मिळतात. सालीवर डाग पडले तरी आतून चांगलं असतं.

घेताना काय बघायचं? सीताफळाचे 'डोळे'. त्या खवल्यांमधल्या भेगा रुंद झाल्या असतील आणि भेगेत पिवळसर, मळकट पांढरा किंवा हलका गुलाबी रंग दिसत असेल, तर फळ तयार होऊन उतरवलंय. डोळे घट्ट मिटलेले आणि सगळं एकसारखं हिरवंगार असेल तर ते कोवळं तोडलेलं. ते घरी नेऊन अढी लावा, तांदळात पुरा, काहीही करा, ते चामट होतं किंवा काळं पडतं. सीझनच्या सुरुवातीला भाव चांगला असतो म्हणून असा माल बाजारात येतोच. मी घेत नाही.

आणि अढीबद्दल. सगळी फळं एकदम पिकवायची असतील तर आजीसारखं गवतात किंवा तांदळाच्या डब्यात एकत्र ठेवायची. पुढेमागे पिकवायची असतील तर उलट करायचं: टोपलीत न कोंबता वारं लागेल अशी सुटी मांडायची आणि जे मऊ झालं ते लगेच बाजूला काढायचं. मी रोज रात्री अंगठ्याने सगळी दाबून बघते. कडक, सैलावलेली, मऊ असे तीन ढीग होतात. मऊ ढीग त्याच रात्री संपवायचा. संपवायचा म्हणजे एक तर खायचा, नाहीतर गर काढायचा.

गर काढणं हे काम कंटाळवाणं आहे, उगाच सोपं म्हणून सांगणार नाही. आम्ही दोघींनी पाच किलो मऊ फळांचा गर काढला तर दीड तास जातो आणि बिया-साल वजा जाता हातात दोन किलोला थोडा कमी गर येतो. गावरान फळात बिया जास्त. मोठ्या, मुद्दाम निवडलेल्या जातींत गराचं प्रमाण बरं असतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं पुरंदर तालुक्यात जाधववाडीला अंजीर-सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, 'फुले पुरंदर' ही जात त्याच विद्यापीठाची. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांची 'एनएमके गोल्डन' तर आता पार परराज्यांत पोचलीय. फळ मोठं, बिया कमी, आणि गावरानापेक्षा जरा जास्त दिवस टिकतं. गराच्या धंद्याला अशी फळं परवडतात. चवीला मात्र मी बांधावरच्या गावरानाच्या बाजूने आहे. बीडच्या बालाघाटातलं डोंगरी सीताफळ खाल्लेलं कुणी असेल तर त्यांना वेगळं सांगायला नको. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

कृती सांगते. फळ धुऊन पूर्ण पुसून घ्या. हाताने दोन भाग करा. चमच्याने गर काढताना सालीला चिकटलेला शेवटचा थर सोडून द्या. तो रवाळ, वाळूसारखा लागतो आणि गराचा रंगही बिघडवतो. लोभ आवरा. मग खोलगट पातेल्यात गर घेऊन लाकडी रवीने हलकेच घुसळा. बिया पाकळ्यांमधून सुटतात. नंतर मोठ्या भोकांच्या स्टीलच्या चाळणीवर हाताने दाबून गर खाली घ्या. पातेलं स्टीलचंच, लोखंडी किंवा पितळी नको.

मिक्सर? नाही. "पल्स मोडवर दोनदा फिरवा, बिया आपोआप वेगळ्या होतात" असे व्हिडिओ मीही पाहिलेत. एखादी बी फुटली की गर कडू होतो हे झालंच, पण मुद्दा चवीचा नाहीये. सीताफळाच्या बीमध्ये कीटकांना मारणारी विषारी द्रव्यं असतात. अख्खी बी चुकून गिळली तर ती टणक असल्यामुळे तशीच बाहेर पडते, घाबरायचं कारण नाही. फुटलेली, वाटलेली बी वेगळी गोष्ट आहे.

इथेच दुसरी गोष्ट सांगून टाकते. बियांची पूड तेलात कालवून डोक्याला लावायची, उवा जातात, हा उपाय अजून व्हॉट्सॲपवर फिरतो. उवा मरतातही. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा जखमी होतो. भयंकर दुखतं, लाल होतं, दिसायला धूसर होतं, आणि असे रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे खरोखर येतात. डोक्याला लावलेली गोष्ट आंघोळीच्या वेळी डोळ्यात जाणारच. घरात कुणी हा उपाय करत असेल तर थांबवा. आणि तसं झालंच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचं आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. शेतात मात्र याच गुणाचा उपयोग होतो. दशपर्णी अर्कात सीताफळाचा पाला असतो. शेळ्यासुद्धा त्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर मोकाट जनावरांच्या माळावर हे झाड तगतं.

आता मुख्य मुद्दा. गर काढला, पांढराशुभ्र आहे, सुंदर दिसतोय. अर्ध्या तासात कडेने गुलाबी-तपकिरी व्हायला लागतो. कापलेलं सफरचंद तांबूस पडतं ना, तीच ही क्रिया. गराच्या पेशी फुटल्या की आतलं एक विकर, त्याला पॉलिफिनॉल ऑक्सिडेज म्हणतात, हवेतला ऑक्सिजन घेऊन कामाला लागतं. सफरचंदाला यावर उपाय सोपा: गरम करा. उकळत्या पाण्यातून काढलं की विकर निकामी, रंग थांबला. पुढे साखर घालून आटवा, सफरचंदात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही पुरेसं, जॅम आपोआप धरतो.

सीताफळाचा गर गरम करून बघा. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेला की त्यात कडवटपणा उतरतो आणि तो मोहक वास जाऊन एक शिजका, विचित्र वास येतो. आणि साठ-पासष्ट अंश म्हणजे काही उकळी नाही. वाफाळत्या चहाहून थोडं कमी. त्यामुळे "गॅस बारीक ठेवा" हा उपायच नाही. म्हणजे कोंडी बघा कशी आहे: गर काळा पडू नये म्हणून तापवायचा, तर तो कडू होतो; कडू होऊ नये म्हणून तापवायचा नाही, तर तो काळा पडतो. बहुतेक फळांना टिकवायची जी हजार वर्षांची पद्धत आहे, आग, ती इथे बंद.

बरणीचाही रस्ता बंद आहे, आणि तो जास्त गंभीर कारणाने. एखादं अन्न बरणीत बंद करून फ्रीजबाहेर ठेवायचं तर त्याचा आंबटपणा बघतात. सामू म्हणजे पीएच ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिझमचे जंतू त्यात वाढत नाहीत. सफरचंद साडेतीन-चारच्या आसपास असतं, म्हणून त्या परदेशी आज्या निर्धास्तपणे बरण्या भरतात. सीताफळ पाचच्या वर. गोड आहे, पण आंबट नाही. साखर घालून, झाकण घट्ट लावून, कपाटात ठेवलेला सीताफळाचा गर वरून छान दिसेल आणि आत काय तयार झालंय ते वासावरून कळणारही नाही. म्हणून रीलमधली सफरचंदाची बरणी बघून त्याच पद्धतीने सीताफळ भरू नका. अजिबात नाही.

मग उरतं काय? थंडी, हवा दूर ठेवणं, आणि चिमूटभर आंबट. तिन्ही एकत्र.

गर चाळून झाला की लगेच, म्हणजे फोन न बघता लगेच, अर्ध्या किलोला एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि पन्नास ग्रॅम पिठीसाखर मिसळा. एवढ्या लिंबाने आंबट लागत नाही, पण विकराचा वेग मंदावतो. साखरेने गोठताना गराचा पोत टिकायला मदत होते. यापेक्षा जास्त लिंबू घालू नका, कारण पुढे हाच गर दुधात जाणार आहे. मग झिपच्या पिशवीत पाव किलोच भरा. पिशवी ओट्यावर आडवी ठेवून तळहाताने पसरत सगळी हवा बाहेर काढा आणि झिप लावा. पिशवी जाड पापडासारखी चपटी झाली पाहिजे. तारीख लिहा. फ्रीझरमध्ये धातूच्या ताटावर आडवी ठेवा.

चपटी का? हळू गोठलं की बर्फाचे खडे मोठे होतात, ते पेशी फाडतात, आणि वितळल्यावर गराचं पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो. पातळ थर लवकर गोठतो, खडे बारीक राहतात. कारखान्यात हेच काम उणे चाळीस अंशांच्या गार वाऱ्यावर करतात आणि मग माल उणे अठरा-वीसवर साठवतात. त्यामुळेच तर तुम्हाला मे महिन्यात सीताफळाचं आईस्क्रीम मिळतं. रघुनंदन कामत यांनी १९८४ मध्ये जुहूला 'नॅचरल्स' सुरू केलं, त्यांच्या सीताफळ आईस्क्रीमने या फळाला मोठं शहरी गिऱ्हाईक मिळवून दिलं. पण त्या एका कपामागेही कुणीतरी बसून बिया काढणं आलंच.

घरच्या फ्रीझरमध्ये गर किती टिकतो ते फ्रीझरवर आहे. दोन दारांच्या फ्रीजचा वरचा कप्पा नीट उणे अठरापर्यंत जात असेल तर तीन-चार महिने चव चांगली राहते. पीजीत किंवा फ्लॅटवर जो एकदारी छोटा फ्रीज असतो, ज्याच्या आत बर्फाचा कप्पा असतो, तो तितका थंड नसतो आणि दिवसातून पन्नास वेळा दार उघडतं. त्यात दोन-तीन आठवड्यांच्या वर ठेवू नका. लाईट गेली तर दार उघडायचं नाही. गच्च भरलेला मोठा डीप फ्रीझर बंद राहिला तर दोनेक दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला दिवसभर, आणि फ्रीजचा छोटा कप्पा काही तासच. एकदा पूर्ण वितळलेला गर परत गोठवायचा नाही. त्याच दिवशी संपवायचा.

अजून एक. गोठवल्याने विकर मरत नाही, नुसतं झोपतं. वितळायला लागलं की जागं होतं आणि गर आधीपेक्षा जास्त वेगाने काळा पडतो. म्हणून वितळवून वाटीत ठेवून द्यायचा नाही. अर्धवट गोठलेला असतानाच वापरायचा.

वापरायचा कशात? बासुंदीत, अर्थात. कोजागरीला निम्म्या घरांत हा बेत असतो आणि निम्म्या बासुंद्या कडवट होतात, त्याचं कारण तुम्हाला आता माहीत आहे. एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या कढईत निम्मं होईपर्यंत आटवा, कडेची साय खरवडून आत घ्या, तीन चमचे साखर घाला, गॅस बंद करा. आता थांबा. कोमट झाल्यावर नाही, पूर्ण गार झाल्यावरही नाही, फ्रीजमध्ये दोन तास ठेवून थंडगार झाल्यावर त्यात वाटीभर गर हलक्या हाताने मिसळा. वेलची घालू नका. जायफळ तर नाहीच. सीताफळाला स्वतःचा वास आहे, त्याच्यावर मसाल्याचं पांघरूण कशाला? माझ्या काकू यावर माझ्याशी भांडतात आणि वेलची घालतात. घालू देत.

श्रीखंड यापेक्षाही सोपं. चक्का, पिठीसाखर, गर, संपलं. चक्का मुळात आंबट असल्यामुळे गराचा रंग बराच वेळ चांगला राहतो. कुल्फी करायची तर आटवलेलं दूध आधी गार, मग गर, मग साचे. मिल्कशेकला गोठलेल्या पिशवीचा तुकडा तोडून थंड दुधात फिरवा, बर्फ लागतच नाही. बिया आधीच काढल्यात, त्यामुळे इथे मिक्सर चालेल. शंभर ग्रॅम गरात नव्वदच्या वर कॅलरी असतात, सफरचंदाच्या दुपटीच्या आसपास. वरून साखर घालताना हे लक्षात ठेवा आणि घरात कुणाला डायबेटीस असेल तर वाटी छोटी.

परत मावशींकडे येते. मागच्या सीझनला त्यांच्या सूनबाईने एक जुना डीप फ्रीझर घेतला, बंद पडलेल्या एका आईस्क्रीमच्या दुकानातला. रात्री आठनंतर भाव पाडायच्या ऐवजी मऊ माल घरी जातो. सासू, सून आणि शेजारची एक मुलगी, तिघी रवी-चाळणी घेऊन बसतात. पन्नासने विकायचा पाच किलो माल म्हणजे अडीचशे रुपये. त्यातून दोन किलोला थोडा कमी गर. म्हणजे किलोभर गराचा नुसता माल-खर्च एकशेतीसच्या आसपास पडतो, वर वीज, पिशव्या आणि तिघींचे दीड-दीड तास. दोन मिठाईवाले तो गर घेतात, आणि सोसायटीतल्या काही बायका पाव-पाव किलोच्या पिशव्या सांगून ठेवतात. विकायचं म्हटल्यावर अन्न सुरक्षा नोंदणी काढावी लागली, तीही सूनबाईनेच मोबाईलवरून केली.

श्रीमंती आली का? नाही. सीझनच दोन-अडीच महिन्यांचा. वीजबिल बघून मावशींनी पहिल्या महिन्यात सुनेला बरंच सुनावलं. एका दुपारी तीन तास लाईट गेली तेव्हा तिने फ्रीझरवर गोधडी टाकली आणि दार कुणालाच उघडू दिलं नाही. तिथून मावशींचा सूर बदलला. मी गेल्या आठवड्यात रात्री साडेआठला गेले आणि सवयीने विचारलं, "मावशी, मऊ केवढ्याला लावलं?" तर म्हणाल्या, "मऊ विकायचं न्हाई आता. कडक ऱ्हायलंय त्यातलं घे, भाव सकाळचाच."

शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न. एकाने विचारलंय, गर उन्हात वाळवून पोळी करता येईल का, आंबापोळी-फणसपोळीसारखी? घरी नाही जमत. एवढा गोड आणि कमी आंबट गर ऑक्टोबरच्या उन्हात वाळेपर्यंत काळा पडतो, आणि ढग आले तर आंबतो. गोठवून निर्वात यंत्रात वाळवलेली पावडर मिळते, ती चांगली असते आणि महाग असते.

दुसरा प्रश्न, काढलेल्या बियांचं काय? लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, जाळू नका, कुटू तर मुळीच नका. धुऊन सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. पावसाच्या तोंडावर कोमट पाण्यात रात्रभर भिजवून पिशवीत लावा. कोंब यायला महिनाभर लागू शकतो, धीर धरा. आलेलं रोप पुढच्या पावसाळ्यात बांधावर लावायचं. तीन-चार वर्षांत फळ धरतं, पाणी फारसं मागत नाही, आणि शेळ्यांची भीती नाही हे आधीच सांगितलंय. ज्यांच्याकडे बांध नाही पण बाल्कनी आहे, त्यांनी मला व्हॉइस नोट पाठवा, माझ्याकडे यंदा दीड डबा बिया साठल्यात.